भुवनेश्वरीचं हिरवं कुंपण

तामलवाडीच्या त्या घरात माझ्या लेकीला काही झालं, तर बाहेर कळणार कुणाला? ही काळजी मी इथं बेंबळीत बसून करते. तिला बोलून दाखवली की म्हणते, "आई, बाहेर कळू नये म्हणूनच तर एवढा बांबू लावलाय."

भुवनेश्वरी सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसते. गोळी जेवणाआधी की जेवणानंतर, हे एकेकाला तीनतीनदा सांगते, आवाज न चढवता. माणसांसाठी असलेला तिचा सगळा धीर तिथंच संपतो. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे विचारणं मी सोडलं. गावानं सोडलं नाही. स्वतःच्या पगारावर घर बांधलं, तेव्हा संध्याकाळी बायका तारेच्या कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. शेजारची हरणाबाई सगळ्यांत पुढं. हरणाबाई आणि तिचा नवरा बिराप्पा शेळ्या राखतात, आणि उरलेल्या वेळात शेजार.

"मॅडम, कालवण काय केलं? एकटीसाठी फोडणी टाकाय जीव होतो व्हय?"

भिंत बांधावी, तर लोक म्हणणार मॅडमला माणसं नकोत. झाडं लावली तर म्हणणार, मॅडमला हौस हाय. म्हणून झाडं. तिनं लांबच्या डोंगराळ मुलखातून बांबूची रोपं मागवली, सगळ्यांत उंच होणाऱ्या जातीची. रोपवाटिकेवाल्यानं फोनवर बजावलं होतं, हा बांबू पळतो, याची मुळं जमिनीखालून लांब जातात, कडेनं चर खणून जाड पत्रा पुरा. भुवनेश्वरी हसली. आपल्याकडं बांबू म्हणजे बांधावरचं बेट. आजोबांनी लावलेलं नातवाला त्याच जागी सापडतं. शिवाय उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या मुलखात पळतात ती माणसं, पुण्याला. झाडं जागच्या जागी वाळतात. तेव्हा चर राहिला, आणि उलट मोरीचं नि धुण्याचं सगळं पाणी नळी लावून बांबूला सोडलं.

दोन वर्षं तो नुसता रुसून उभा होता. हरणाबाईनं तर कुंपणापलीकडून त्याचं सुतकही धरलं. तिसऱ्या वर्षी पाडव्यानंतर मनगटाएवढे कोंब निघाले आणि बघता बघता घराच्या छपराच्या वर गेले. भुवनेश्वरीनं मला फोटो पाठवला. त्यात घर नव्हतंच, नुसता हिरवा रंग. खाली लिहिलं होतं, "आता मला कुणीही बघू शकत नाही." लेकीच्या सुखाचा तो फोटो बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या वर्षी हरणाबाई दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. खिडकीशी नंबर आल्यावर म्हणाली, "मॅडम, तुमचा बांबू आमच्या न्हाणीत फरशी फोडून उभा ऱ्हायलाय. मला अंगुळीची चोरी झाली."

रांग हसली. भुवनेश्वरी कानापर्यंत लाल. "मी येऊन तोडून टाकते."

"तोडू नका. इतकी सालं शेजारी हाव, तुमी कधी चहाला आला न्हाय. तुमचं झाड तरी आलं."

हे तिनं मला गाऱ्हाणं म्हणून सांगितलं.

मग शेळ्यांनी मनावर घेतलं. ऐन वैशाखात सगळं रान करपलेलं, आणि इथं हिरवागार पाला. तार वाकवून त्यांनी बांबूत भगदाड पाडलं. शेळ्यांमागं हरणाबाई, हरणाबाईमागं बिराप्पा. तारेचं कुंपण होतं तेव्हा माणसं बाहेर तरी थांबायची.

मागल्या आठवड्यात वाळलेल्या पाल्यावरून भुवनेश्वरीचा पाय घसरला, नडगीचं हाड मोडलं. फोन घरात, ती बांबूत. मी इकडून फोनवर फोन लावते आहे, आणि शेजारपाजारचा एकही नंबर तिनं मला कधी दिलेला नाही. तिच्या हाका त्या हिरव्या भिंतीनं अगदी चोख आतल्या आत ठेवल्या. शेवटी एक काळी शेळी भगदाडातून आत गेली, आणि तिला शिव्या घालत हरणाबाई.

"अगं बया! मॅडम, निजायला घरात जागा न्हाय व्हय?"

बिराप्पानं दोन बांबू तोडले, त्यांना घोंगडं बांधलं आणि नवराबायकोनं तिला उचलून रस्त्यापर्यंत नेलं. ती रडत होती म्हणून बिराप्पा म्हणाला, "रडू नका. चौघं लागायला अजून टाइम हाय. आज दोघांतच भागवू." मला कळवलं ते हरणाबाईनं, स्वतःच्या फोनवरून.

आता पायाला प्लास्टर आहे, आणि बेंबळीला यायला लेक तयार नाही. आज म्हणाली, "गुरुवारी चर खणायला माणूस येतोय. पत्रा पुरते, म्हणजे बांबू हद्दीत राहील. ते भगदाडही बुजवून टाकते."

चर खणायलाच हवा. हरणाबाईची न्हाणी किती दिवस बांबूनं अडवायची? भगदाडाबद्दल मी काही बोलले नाही. मी नको म्हटलं असतं, तर तिनं ते गुरुवारपर्यंतही ठेवलं नसतं.

हरणाबाई उजाडायच्या आत शेळ्यांच्या धारा काढायला उठते. तेव्हाच तिला फोन करणार आहे. म्हणणार, चर खणू द्या, पत्रा पुरू द्या, भगदाडही बुजवू द्या. फक्त त्या काळ्या शेळीला तेवढी बांधून ठेवू नका.