पाण्यावर ठेवलेले पान

धारला माझ्या थोरल्या बहिणीच्या ओसरीवर एक काचेची पेटी होती. दुपार कलली की खिडकीतले ऊन तिच्यात शिरायचे आणि पाण्यातून निघून वर आढ्यापाशी हलत राहायचे. मी खाली सतरंजीवर पडलेला असे. छत वितळते आहे, आपणच कुठल्याशा तळाशी वाळूवर पडलो आहोत आणि वर पाणीच पाणी आहे, असे वाटायचे. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही लांबून, पाण्यातून आल्यासारखा येई. पंचवीस वर्षे झाली. ते छत अजून डोळ्यांपुढे येते, आणि आले की मी विषय बदलतो. का बदलतो, ते या वर्षापर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

मी मूळचा देवासचा. आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की दुसरे राज्य लागे. अलीकडे धाकटी पाती, म्हणजे धाकट्या राजाची वाटणी, पलीकडे थोरली. वयाच्या विसाव्या वर्षी धारच्या दफ्तरात नक्कलनविसाची जागा मिळाली, आणि मी अक्काकडे राहायला गेलो. भावोजी तिथेच बांधकामाच्या कचेरीत नकाशे काढीत. रस्ते, मोऱ्या, पूल. कागदावर पाणी नेहमी निळ्या रेघांनी दाखवायचे, म्हणून की काय, त्यांना खऱ्या पाण्याची फार ओढ होती.

एकदा पुलाच्या कामावर खलघाटला गेले असताना त्यांनी नर्मदेतून मडक्यात काही मासे आणले. बोटाएवढे, वाळूच्याच रंगाचे. डोके चपटे, डोळे अगदी माथ्यावर. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झालेली. त्या वाटीने मासा दगडाला चिकटून बसे. पोहणे त्याला माहीतच नव्हते म्हणा ना. बसायचे, टकमक बघायचे, आणि मनात आले की टुणकन् वीतभर पुढे जाऊन पुन्हा बसायचे. मडके देताना कोळी हसला होता म्हणे: "भिया, या तो खावा की चीज हे, पालवा की नी." खाण्याचे तर आमच्या घरात नावच नको. माशांचे खरे नाव कोणी नीट सांगेना, तेव्हा अक्काने ठेवले, तळबशा.

पेटी भावोजींनी स्वतः केली होती. जुन्या कपाटाच्या काचा, लोहाराकडून करून घेतलेली चौकट, आणि सांध्यांत काच बसवायची लांबी. ती महिनाभर गळत होती. पाणी टिकू लागले तेव्हा मासे टिकेनात. पहिली जोडी उडी मारून बाहेर पडली. एक देवघराच्या उंबऱ्यापाशी वाळलेला सापडला आणि अक्काने तीन दिवस अबोला धरला. मग पेटीवर जाळी आली. शिते, पीठ, पोळीचा चुरा यांच्याकडे तळबशे ढुंकून बघत नसत. हलेल तेच त्यांचे अन्न. मग डासांच्या अळ्या आणि चिखलातले किडे शोधीत आम्ही दोघे मुंज तलावाच्या काठी उकिडवे बसत असू. दफ्तरातले लोक लांबून विचारीत, "काय पंडित, संध्या चाललीय का?"

दोन नर एका पेटीत ठेवले तर मारामारी. शेवटी त्यांनी आपणच मधल्या एका दगडापाशी हद्द घातली. हा इकडे फिरकायचा नाही, तो तिकडे. भावोजींना फार गंमत वाटली.

"या, शालकराजे, तुमचं देवास बघा. ही थोरली पाती, ही धाकटी."

"मग कोतवाली कोणाकडे?" मी म्हटले.

"ती तुमच्या अक्काकडे. दोघांनाही दटावते."

अक्का आतून म्हणाली, "दटावू नाही तर काय! ज्यांचं त्यांना कळत नाही, किडे कोणी आणायचे नि पेटी कोणी पुसायची."

म्हणे तसे, पण पेटी तीच पुसायची. आणि अंडी पहिल्यांदा पाहिली तीही तिनेच.

वाळूत एक कौल पालथे घातले होते. एका नराचा रंग काळवंडला. त्याने कौलाखालची वाळू उपसून दार केले आणि मादीला आत घेतले. कौलाच्या आतल्या छताला अंडी उलटी लोंबत होती, जिऱ्याहून बारीक, ओळीने. मादी निघून गेली. नर मात्र राहिला. रात्रंदिवस तो परांनी अंड्यांना वारा घाली. अक्का खाली बसून बघत राही, हातातले निवडणे तसेच. म्हणायची, "हे बरं आहे. माशांत बापाला बसवतात."

भावोजींना एकच ध्यास लागला होता, ही पिल्ले वाढवायची. पहिल्या खेपेला आम्ही सारखे कौल उचलून पाहिले, आणि घाबरलेल्या नराने अंडी खाऊन टाकली. दुसऱ्या खेपेला पिल्ले निघाली. पिल्लू म्हणजे काय, दोन डोळे आणि एक रेघ. तिसऱ्या दिवशी पेटी रिकामी. तिसऱ्या खेपेलाही तेच. भुकेने जात होती. त्यांच्या तोंडात मावेल असे काही आमच्याकडे नव्हते. कचेरीतले लोक हसत. भावोजींना वरवर त्याचे काही नसे, पण कौल परत ठेवताना त्यांचा हात जड व्हायचा, ते मी पाहिले आहे.

मग त्यांना पागेचा हौद आठवला. घोड्यांच्या त्या हौदातले पाणी हिरवेगार असे. नकाशाचे भिंग लावून त्यांनी एक थेंब पाहिला, आणि मला ओढत नेऊन दाखवला. थेंबात धूळ चालत होती. जिवंत धूळ. अक्का ते पाणी मलमलीतून गाळी आणि सकाळ-संध्याकाळ वाटी-वाटीने पेटीत सोडी. चौथ्या खेपेची पिल्ले चौथ्या दिवशी होती. आठव्या दिवशी होती. उन्हात पेटी हिरवी दिसे आणि त्या हिरव्यात शेकडो डोळे तरंगत. छतावरचा उजेडही हिरवा झाला होता. आम्ही तिघे त्या दिवसांत हळू बोलत होतो, उगाचच.

बाराव्या दिवशी भावोजींना सरदारपूरला मोजणीसाठी जावे लागले. आणि दोन दिवसांवर सूर्यग्रहण होते.

ग्रहणात घरात साठवलेले पाणी विटाळते. आधी त्यात तुळशीचे पान घातले असेल तर चालते, नाही तर ओतून द्यायचे. अक्काला सातवा महिना होता. तिच्यासाठी तर सगळेच कडक. पेटीच्या पाण्यावरून नवरा-बायकोत वाद झाला होता. शेवटी तह झाला: पेटीत पान घालायचे, आणि पाण्याला कोणी हात लावायचा नाही. निघताना भावोजी मला म्हणाले, "घरातल्या भांड्यांचं ती बघेल. पेटी तुमच्याकडे. पान आदल्या दिवशी खुडा हो, अमावास्येला खुडता येत नाही."

मी विसरलो. यापलीकडे काही कारण नाही. आदल्या दिवशी दफ्तरातून आलो, सतरंजीवर पडून छत बघत राहिलो, आणि दिवस गेला.

ग्रहणाच्या सकाळी अक्का आतल्या काळोख्या खोलीत जप करीत बसली. मी अंगणात होतो. लिंबाखाली जमिनीवर उन्हाचे जे गोल कवडसे पडत, त्या सगळ्यांच्या कोरी झाल्या. शेकडो चंद्रकोरी, वारा आला की एकदम हलणाऱ्या. पाखरे गप्प झाली. ऊन होते, पण ऊन वाटत नव्हते. मी त्या कोरींमध्ये पाऊल न टाकता उभा राहिलो, आणि तिथे मला पान आठवले.

ग्रहण सुटले. अक्काने आतून विचारले, "पेटीत पान होतं ना रे?"

"होतं की," मी म्हणालो.

ती बाहेर आली, भिंतीला हात धरून, जडशी, आणि न्हाणीघराकडे गेली. तिच्या पोटाकडे माझे लक्ष गेले. विटाळलेले पाणी घरात राहिले आणि बाळाला काही झाले तर? भावोजी असते तर हसले असते. पण ते नव्हते, आणि मी आमच्या आईच्या शिकवणीत वाढलेला. खरे बोललो असतो तर अक्कानेच काही तोड काढली असती. पण 'होतं' म्हणून बसलो होतो. ती अंगावर पाणी घेत होती, तेवढ्यात मी तिचीच मलमल पेटीत धरली, पिल्ले येऊ नयेत म्हणून, आणि अर्धे पाणी तांब्याने काढून मोरीत ओतले. हिरवे पाणी. मग आडातून ताजे शेंदून, तसेच गारेगार, पेटीत भरले. शेवटी माजघरातल्या हंड्यातले एक पान काढून पेटीच्या पाण्यावर ठेवले.

संध्याकाळपर्यंत पिल्ले तळाला बसू लागली. मी मनाला म्हटले, तळबशांचीच पोरे ती, बसायला शिकली. सकाळी वाळूवर फिकट राख पडल्यासारखे दिसत होते. नर रिकाम्या कौलाखाली वारा घालीत होता.

तिसऱ्या दिवशी भावोजी आले. पायांतले जोडे न काढता ओसरीवर उकिडवे बसले. बराच वेळ बघत होते. पान भिजून काळे पडले होते. ते त्यांनी बोटाने उचलले.

"ग्रहणाआधी घातलंत?"

"हो."

"म्हणजे हेच. अहो, तुळशीनं डास पळतात. ही तर डासाहून बारीक. मला कसं सुचलं नाही!" कपाळावर हात मारला त्यांनी. मी उभा होतो. तिथेच सांगता आले असते.

रात्री पानावर बसल्यावर ते अक्काला म्हणाले, "तुझ्या तुळशीनं माझी शंभर पोरं नेली." थट्टेने म्हणाले. म्हणजे तसे म्हणायला गेले. अक्काचा वाढता हात थांबला, आणि दुसरा हात आपसूक पोटावर गेला. तेही मी पाहिले.

दीड महिन्याने भाची झाली. गोरीगोमटी, धडधाकट. आता तीही आपल्या घरी नांदते आहे. पण भावोजींनी तळबशे परत नर्मदेत सोडून दिले. हिरव्या पाण्याचा उपयोग नाही, घरात पिल्ले वाढतच नाहीत, अशी त्यांची समजूत झाली. पेटीत माती भरून अक्काने कोथिंबीर लावली. आणि ती गोष्ट देवासला पोचली. लग्नकार्यात अक्का दिसली की बायका म्हणत, "हिला वृंदावनापाशी नेऊ नका गं, हात लावील नि कोणी तरी मरेल." अक्का हसे. सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. मी पंगतीत बसलेला असे. मला जेवणात चव लागत नसे, पण जेवत असे.

मी केव्हाच देवासला परतलो होतो. यंदा ग्रहणाच्या वेळी कामाने धारला होतो. ग्रहण सुटले, आणि पाहतो तो अक्का घरातले सगळे पाणी ओतून देते आहे. हंडे, घागरी, तांबे, सगळे. गुडघे दुखतात तिचे. एका पायरीवर दोनदा थांबत होती.

मी म्हटले, "अगं, पान ठेवलं असतंस तर?"

"नाही रे. माझा पानाचा हात चांगला नाही. त्या वेळेपासून मी ठेवतच नाही."

पंचवीस वर्षे. प्रत्येक ग्रहणाला. मी तिच्या हातातली घागर घेतली, खाली ठेवली, आणि ओसरीवर दोघांसमोर सगळे सांगितले. पान विसरलो ते, खोटे बोललो ते, पाणी ओतले ते, पान मागाहून ठेवले ते.

भावोजींना आता धूसर दिसते. त्यांनी माझ्या दिशेला तोंड केले.

"पाणी कितीसं काढलंत?"

"अर्धं."

"आणि आडाचं घातलंत? ताजं? उन्हात न ठेवता?"

"हो."

"मग गारठून गेली ती!" ते उभेच राहिले. "ऐकलंस का गं? म्हणजे हिरवं पाणी बरोबर होतं! वाढली असती!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग तो उजेड हळूहळू गेला. ते बसले. चाचपून कोथिंबिरीच्या पेटीच्या कडेवर हात ठेवला. "मी परत केलंच नाही हो, शालकराजे. उगाचच केलं नाही."

मी अक्काकडे पाहिले. ती रडली नाही, रागावलीही नाही.

"इकडून एकदाच बोलणं झालं," ती भावोजींकडे बघून म्हणाली. "बाकीच्यांचं मी अजून ऐकते. आता माझ्या कानात सांगून काय उपयोग? तुझं अक्षर चांगलं आहे ना? मग लिही. नावं घालू नकोस, लेकीसुना आहेत घरात. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं पाहिजे."

"क्षमा केलीस का?"

"आधी लिही."

म्हणून हे लिहिले. नकला करण्यात जन्म गेला, त्यामुळे दोन प्रती काढायला वेळ लागला नाही. एक धारला जाईल. भावोजींना अक्का वाचून दाखवील. दुसरी देवासची. येत्या आठवड्यात आमच्याकडे मुंज आहे, सगळ्या बायका जमतील. ती मी त्यांच्यापुढे उभा राहून वाचणार आहे, अक्का समोर बसलेली असताना.