वडील निवडले त्या रविवारी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत वडील, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा पंच, निवडायची रीत अशी होती. दोन नावं पुढे आली की त्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून उभं राहायचं. बाकीच्यांनी सकाळपासून उपास धरलेला असायचा. प्रार्थना करायची, आणि देव ज्याचं नाव मनात घालील त्याच्या पाठीमागे जाऊन गुपचूप उभं राहायचं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मोजायचे. सगळे जागेवर परतले की मगच त्या दोघांनी वळायचं. कोण कुठे उभं होतं ते बाहेर बोलायचं नाही. नवरा, भाऊ, गाववाला, काही बघायचं नाही, असं पाळकसाहेब बजावायचे.

त्या वर्षी एक नाव आमच्या ह्यांचं होतं.

आम्ही नगरकडून पिंपरीला आलो ते ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. चर्च कसलं, पत्र्याच्या एका खोलीत भक्ती व्हायची. शिफ्ट सुटली की हे जेवता जेवता कारखान्यातलं काय ते मला सांगायचे, झोपायचे, आणि उठले की मंडळीच्या कामाला. कुणाचं आजारपण, कुणाची भांडणं. मला कोण होतं? गावातल्या बाया विहिरीवर विचारायच्या, "कुठली हाय गं तू?" मी सांगितलं की "व्हय का," म्हणून घागर उचलायच्या. मग घरी येऊन मी चुलीशी बोलायची. हसू नका, खरंच बोलायची.

वडील व्हायची ह्यांना फार हौस. तोंडाने कबूल करायचे नाहीत, पण आदल्या दिवशी लग्नातला कोट काढून स्वतः झटकत बसले होते. मला मात्र धास्ती. हे वडील झाले की हाताशी उरलेला रविवारही गेला.

उपास मी कडक धरला. चहासुद्धा घेतला नाही. गुडघे टेकून म्हटलं, देवा, माझं ऐकू नकोस, तुझंच सांग. आणि मनात नाव आलं ते दुसऱ्याचं. तो शांत माणूस, कुणाचं दुखलंखुपलं की आधी हजर. आमचे हे तापट. नवरा झाला म्हणून काय खोटं बोलू? पण ते नाव देवाने घातलं की माझ्या रिकाम्या घराने, ते तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही, आणि आपल्याला देवाचं सगळं कळतं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

सगळे उठले. ह्यांच्या पाठीमागून जाताना मी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, वर पदर गच्च धरला, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहिले. निवडला गेला तोच. ह्यांनी वळून सगळ्यांत आधी त्याचा हात हातात घेतला. चांगलं वागले हो, तिथे नाव ठेवायला जागा नाही.

घरी जेवताना म्हणाले, "सगळ्या बायकांच्या बांगड्या वाजत गेल्या. तुझ्या वाजल्या नाहीत."

मी म्हटलं, "मी प्रार्थना करूनच उभी राहिले."

"तू लबाडी करणार नाहीस, माहीत आहे मला." एवढं बोलून त्यांनी भाकरी मोडली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते.

त्यानंतर हे रविवारी भक्तीहून सरळ घरी यायला लागले. अगदी मला हवं होतं तसंच. ओट्यावर बसायचे, वाढलेलं जेवायचे, कालवण बरं झालंय म्हणायचे. मी काही सांगायला बसले की ऐकून घ्यायचे, मान हलवायचे. पण कारखान्यात काय झालं, मनात काय चाललंय, ते आपणहून त्यांनी मला पुन्हा कधीच सांगितलं नाही.