खंडेनवमीचं कुंकू

ही गोष्ट सांगायची मी सात वर्षं टाळली. माझ्या मुलीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या व्याह्यांच्या, गमती मी लग्नकार्यांत पुष्कळ सांगत आलो; ही तेवढी गाळून. त्यांच्याइतक्या तयारीने वस्तू विकायला काढणारा आणि तितक्याच तयारीने ती न विकणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल.

ती वस्तू म्हणजे एक जुना सीडी प्लेअर. पत्र्याच्या ट्रंकेसारखा जड. नांदगावच्या शाळेतून निवृत्त होऊन व्याही इंदिरानगरला राहायला आले, तेव्हा तो टेम्पोत पुढे त्यांच्या मांडीवर बसून आला आणि विहीणबाई मागे गाद्यांवर. दर दोन महिन्यांनी तो बिघडे, किंवा बिघडेल असं त्यांना वाटे. मग काढलेले स्क्रू ते इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने मांडत. झाकणाचे वरच्या ताटलीत, मोटरचे खालच्या. त्या घरात इडली कधी होणार हे प्लेअरच्या तब्येतीवर ठरे. "मशीन जुळलं की या, इडल्या करते," असं विहीणबाई मला फोनवर सांगत.

विकायचं ते दर दिवाळीच्या साफसफाईत ठरे. एकदा पेठ रोडचा एक तरुण घ्यायला आला. व्याह्यांनी त्याला चहा दिला आणि चौकशी आरंभली. घरात धूळ किती येते? मांजर आहे का? शेवटी तो वैतागला. "काका, मी प्लेअर घ्यायला आलोय, मुलगी बघायला नाय!"

"म्हणूनच विचारतोय," व्याही म्हणाले. "मुलीला निदान फोन करता येतो." तो चहा पिऊन गेला.

आणि एका खंडेनवमीला त्यांना अचानक नांदगावला जावं लागलं. आदल्याच दिवशी प्लेअर दुरुस्त होऊन गात होता, झाकण तेवढं बसवायचं होतं. किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "व्याहीबुवा, माझ्या हत्यारांची पूजा चुकवू नका." मी स्नान करून गेलो. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, चिमटे, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग उघड्या प्लेअरकडे पाहिलं. मधोमध एक इवलंसं भिंग चमकत होतं. हेच याचं कपाळ असणार, असं समजून मी त्यावर ओल्या कुंकवाचा टिळा लावला. टिळा ओघळला. घाबरून मी धोतराच्या सोग्याने तो खसाखसा पुसला. डाग गेला; पण त्यानंतर प्लेअर एकही तबकडी ओळखेना.

व्याही चार महिने त्याच्यापुढे बसले. सगळं तपासलं, पुन्हा तपासलं. मुलीचा बाप मी, सांगू कसं? मग एक दिवस त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. आपले तळहात बघत मला म्हणाले, "मशीन ठीक आहे हो. माझाच हात गेला आता."

माझ्या तोंडून निघालं, "विकू नका! तुमचा हात गेलेला नाही, मला माहीत आहे."

कसं माहीत आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी माझे दोन्ही हात धरले होते. "एवढा विश्वास?" भंगारवाला रिकाम्या हाती गेला. पुढे महिनाभर सगळ्या सोयऱ्यांत माझ्या विश्वासाची कीर्ती झाली आणि मी मान खाली घालून ती ऐकली. व्याह्यांनी कुठून तरी दुसरं भिंग मिळवून बसवलं. "जुनं ओरखडलं होतं, कशानं कोण जाणे," म्हणाले. प्लेअर गायला लागला, त्या दिवशी सोळा इडल्या झाल्या. पाच मी खाल्ल्या.

निघताना त्यांनी तो प्लेअरच माझ्या हातांत ठेवला. "तुमच्यामुळे राहिला, तुम्हीच सांभाळा. दोन्ही हातांनी धरा." जिन्यात मी थांबलो, वळलो. ते वरून हसत हात हलवत होते.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. प्लेअर माझ्याकडे उत्तम चालतो. खंडेनवमीला मी झेंडूचं फूल त्याच्यापासून हातभर लांब ठेवतो आणि जिन्यात राहिलेलं वाक्य मनात म्हणतो. व्याहीबुवा, तुमचा हात कधीच गेला नव्हता. तो माझा हात होता. मला क्षमा करा.