दाराआडून खेळलेले डाव

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. मी चौलला सून म्हणून आले तेव्हा अलिबागेहून मोटार नुकती येऊ लागली होती, आणि तिचा आवाज आला की अख्खी आळी रस्त्यावर येऊन उभी राहायची. मी मात्र आत. नव्या सुनेने मोटार बघायला बाहेर यायचं नाही, सासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही आणि त्यांच्याशी बोलायचं तर मुळीच नाही, असा घरचा शिरस्ता. माहेरी मला तोंडाळ म्हणत. अशा मुलीने दिवसभर गप्प बसायचं म्हणजे काय शिक्षा, ते ज्याचं त्याला ठाऊक.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. सकाळी वाडी शिंपून झाली, नारळी-पोफळींतून एक फेरी झाली, की दुपारी ते ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडायचे. समोर शेजारच्या वाडीतले मास्तर. मी माजघरात सुपारी सोलत बसायची, आणि दाराच्या फटीतून पट नेमका समोर दिसायचा. मला कुणी शिकवलं नाही. हात सुपारीत गुंतलेले आणि डोकं रिकामं, म्हणून मी शिकले. घोडा कसा उडतो, उंट कसा तिरका जातो, प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची का, हे सारं त्या फटीतून कळत गेलं. मग मात्र पंचाईत झाली. मास्तर धडधडीत समोरचा वजीर सोडून भलतंच प्यादं हलवू लागले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाई. एकदा तर तोंडून मोठ्याने "अरे देवा!" निघून गेलं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं झालं?" मी म्हटलं, "काही नाही, मांजर आडवं गेलं." आमच्याकडे मांजर नव्हतं.

पुढे मास्तरांना त्यांचा मुलगा मुंबईला घेऊन गेला. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मामंजींच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, पण नजर काही आली नाही. जी थोडीफार होती तीही गेली. मामंजींनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. ते नुसते झोपाळ्यावर बसून राहू लागले. झोका घेत नसत, पाय जमिनीला टेकवून बसत. वाडीतलं काही विचारावं तर "मला काय दिसतंय?" जेवायला हाक मारावी तर "आत्ता तर जेवलो ना?" वैद्य म्हणाले, प्रकृती ठणठणीत आहे, पण माणसाने मन असं सोडून दिलं तर शरीर किती दिवस साथ देणार? सासूबाई एरवी कुणाला भीक घालणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या दिवशी देवासमोर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि मला त्यांची पहिल्यांदा माया आली.

मी म्हटलं, "सासूबाई, मी खेळू का मामंजींशी?"

"काय खेळणार?"

"बुद्धिबळ."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाडीतल्या विहिरीत उडी मारायची परवानगी मागितली होती. "तुला येतं? आणि ह्यांना चाली तोंडाने सांगणार कोण? तू?"

यावर तोड त्यांनीच काढली. पट माझ्यापुढे माजघरात. मामंजी ओटीवर झोपाळ्यावर. दाराशी पाट टाकून मध्ये सासूबाई. मी त्यांच्या कानात चाल सांगायची, त्यांनी ती मोठ्याने मामंजींना सांगायची. ते आपली चाल तोंडाने सांगतील, ती मी पटावर करायची. मामंजी पहिल्यांदा नुसते हसले, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "डोळे नाहीत तिथे पट कसला? आणि सुनेशी खेळू?" मग म्हणाले, "बरं, मांडा. पण एक सांगून ठेवतो. ज्या दिवशी डोक्यातला डाव मोडेल, कुठलं मोहरं कुठे ते आठवेनासं होईल, त्या दिवशी पट माळ्यावर टाका. डोळे गेले ते गेले. डोकंही गेलेलं मला कुणाकडून ऐकायचं नाही."

आणि सुरू झाला आमचा तमाशा. सासूबाईंना हत्ती आणि उंट यांत फरक वाटत नसे. दोन्ही मोठी जनावरं, म्हणत. मी कानात सांगायची, "उजवीकडचा उंट दोन घरं तिरका." त्या ओरडायच्या, "तो तिरका चालणारा मेला तिकडे गेला हो!" मामंजी म्हणायचे, "तिकडे म्हणजे कुठे?" की सासूबाई हात करून दाखवायच्या. आंधळ्या माणसाला हात करून! खरं म्हणजे माझी कुजबूज मामंजींना सरळ ऐकू जायची, त्यांचे कान फार तिखट होते. पण रीत ती रीत. सासूबाईंचं सांगून होईपर्यंत ते थांबायचे आणि मगच चाल करायचे. पुढे पुढे सासूबाई पक्ष घेऊ लागल्या. माझं प्यादं मारलं गेलं की म्हणायच्या, "लहान पोरीचं घेतलंत, शोभलं का?"

सुरुवातीला मी हरले. एकदा नाही, रोज. दाराच्या फटीतून दुसऱ्याच्या चुका दिसणं सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं. ज्याला दिसत नाही अशा माणसाकडून हरायचं म्हणजे माझ्यासारखीला अपमानच. मग मी इरेला पेटले. धुणं धुताना, तांदूळ निवडताना, वाडीतून शहाळी आणताना डोक्यात डाव मांडू लागले. भात करपायचा. आमचे हे ताटावर बसून विचारायचे, "आज कुणाचा वजीर मेला?" मी उत्तर देत नसे, कारण बहुधा माझाच मेलेला असायचा. पण खरं सांगते, इतकं टवटवीत मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. मराठी चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं, आपलं डोकं आता फक्त केस विंचरण्यापुरतं. ते पुन्हा चालायला लागलं होतं. आणि तिकडे मामंजी जेवणाची वेळ विसरेनासे झाले. सकाळी गड्याला बोलावून कुठल्या पोफळीला पाणी कमी पडतंय ते विचारायचे. झोपाळा पुन्हा कुरकुरू लागला.

अशात ती दुपार आली. डाव ऐन रंगात होता आणि पहिल्यांदाच माझी बाजू वरचढ होती. मामंजींचा राजा कोंडत आणला होता. तेवढ्यात परसातून गडी ओरडला, "आईनू, गाय सुटली हाय! समदा अळू खाल्ला!" सासूबाई पाटावरून उठल्या आणि धावल्या.

मामंजींना ते कळलं, पण डावाच्या भरात ते थांबले नाहीत. म्हणाले, "राजाची उडी. घोड्यासारखी, हत्तीच्या बाजूला."

आमच्या जुन्या खेळात राजाला एकदाच अशी घोड्याची उडी घेता येते, पण त्याला तोवर एकदाही शह लागलेला नसेल तरच. आणि मला पक्कं आठवत होतं, की माझ्या उंटाने त्यांना शह दिला होता. म्हणजे मामंजी विसरले होते.

ज्या दिवशी आठवेनासं होईल त्या दिवशी पट माळ्यावर, हे त्यांचेच शब्द. मी सांगितलं तर खेळ संपला, आणि खेळाबरोबर मामंजीही पुन्हा त्या झोपाळ्यावर पाय टेकून बसणार. गप्प बसले तर त्यांना काही कळणार नव्हतं. ते उडी घेऊन सुटले असते, कदाचित जिंकलेही असते. पण मग रोज दुपारी मी त्यांची कीव करत बसणार, आणि ते काही खेळणं नव्हे. सासूबाई परसात गाईमागे. कानात सांगायला कान नव्हता. मी दाराशी गेले आणि म्हणाले, "मामंजी, उडी नाही घेता यायची. तुमच्या राजाला शह लागून गेलाय."

त्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि हे माझं त्यांच्याशी पहिलं बोलणं.

झोपाळा थांबला. मामंजींनी मान खाली घातली. मला वाटलं आपण ह्या माणसाचा जीवच घेतला. मग ते हळूहळू बोलू लागले. "तू वजिरापुढचं प्यादं सरकवलंस. मी राजापुढचं. तू घोडा काढलास..." पहिल्या चालीपासून त्यांनी सगळा डाव म्हटला. कुठे अडखळले नाहीत. माझा हत्ती मारला ते सांगताना तर थोडं हसलेसुद्धा. आत्ताच्या चालीपर्यंत आले आणि म्हणाले, "यात शह कुठे आहे?"

मी त्या सगळ्या चाली मनात पुन्हा खेळून पाहिल्या. खरंच नव्हता.

"उंटाचा शह कालच्या डावात होता, सूनबाई. मांडणी अशीच होती. कालचा शह आजच्या राजाला कसा लागेल?" आणि मग ते जे हसायला लागले! मांडीवर थापा मारून, खोकला येईपर्यंत. "डोळे गेले माझे आणि विसरतेस तू!"

चुकल्याचा इतका आनंद मला जन्मात पुन्हा झाला नाही. मी तिथेच दाराशी उभी राहून रडत होते आणि हसतही होते. सासूबाई चिखलाच्या पायांनी परत आल्या, तर सून डोक्यावरचा पदर सोडून सासऱ्यांशी हुज्जत घालतेय, की काल उंट असा नव्हता, तसा होता. त्या काही बोलणार, तोच मामंजी म्हणाले, "तू आता गाय सांभाळ. आमचं आम्ही बघतो."

तो डाव त्यांनी जिंकला, तोही प्याद्याने मात करून. मी मोहरी डब्यात भरत होते तेव्हा मला म्हणाले, "मी न बघता खेळतो आणि तू बघून, तरी हरतेस. उद्यापासून डबा उघडायचाच नाही. दोघांनीही तोंडी खेळायचं."

दुसऱ्या दिवशी मी ओटीवर जाऊन त्यांच्यासमोर बसले. पट नव्हता. आठ-दहा चाली झाल्या आणि माझ्या डोक्यात सगळी मोहरी एकमेकांत मिसळली. मी गप्प झाले. मामंजी वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "सांगू का गं, तुझा घोडा कुठे आहे ते?"

"नका सांगू," मी म्हटलं. "आठवेल मला."

"बरं," ते म्हणाले, आणि पाय वर घेऊन स्वस्थ झोका घेत राहिले. माझ्या डोक्यासाठी इतका वेळ आजवर कुणी थांबलं नव्हतं.