हसून सांगायचं ट्रेनिंग

आमच्या घरात सैन्यातल्या ट्रेनिंगबद्दल जे काही सांगितलं जातं ते सगळं हसण्यासारखं असतं. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी तसंच होतं. माझे सासरे, म्हणजे आबा, साताऱ्याकडच्या अशा गावचे, की जिथं घरटी एक तरी फौजी. हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे नेरूळला, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. येताना एक काळी ट्रंक आणली आणि किस्से आणले. ट्रंक माळ्यावर गेली. किस्से हॉलमध्येच राहिले.

नव्या रंगरुटाला एकच मग मिळतो, त्यातच चहा, त्यातच डाळ, त्यातच दाढीचं पाणी. लंगरमधल्या भरघोस मिशांच्या आचाऱ्याला साहेब समजून आबांनी सॅल्यूट ठोकला आणि त्यानंही तो रुबाबात घेतला. सगळ्यांत गाजलेला किस्सा झाडाचा. उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्या हवालदारांनी, लांबचं एक बाभळीचं झाड दाखवलं आणि सांगितलं, पळत जा, त्याला रामराम घाल आणि ये. आबा जाऊन आले. झाड काय म्हणालं, असं उस्तादांनी विचारलं. काही नाही म्हणालं. मग बोलेपर्यंत जात राहा. किती खेपा झाल्या हे आबा दर वेळी वेगळं सांगायचे, पण शेवटची खेप ठरलेली होती. आबा धापा टाकत म्हणाले, 'उस्ताद, झाड म्हणालं आता पुरे.' पाहुणे हसायचे आणि मी चहाचा ट्रे घेऊन नेमकी त्याच वाक्याला बाहेर यायचे. पुढं पुढं आबांना खोकला असला की हा किस्सा मीच सांगायला लागले, उस्तादांच्या आवाजासकट. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात डबा खाताना माझ्या या कार्यक्रमाला चांगली मागणी होती. फाईल वरच्या कप्प्यात असली तर शिपायाला हाक मारणारी मी बाई, पण फ्रंट रोल कसा मारायचा हे खुर्चीत बसून सगळ्यांना समजावायची.

या घराचा एक नियम होता. कुणी बोलून दाखवलेला नाही, पण सगळ्यांना माहीत. ट्रेनिंगमधलं जे दुखलं ते सांगायचं नाही. सांगायचंच झालं तर त्यात हसायची जागा शोधून मग सांगायचं. आबांचा एक चुलतभाऊ ट्रेनिंग सेंटरवरून अर्ध्यातच परत आला होता. का आला, ते कुणी विचारलं नाही. गावानं त्याला 'पार्सल' म्हणायला सुरुवात केली आणि तो म्हातारा होऊन गेला तरी ते नाव सुटलं नाही. त्याच्या दहाव्यालासुद्धा लोक पार्सलच म्हणत होते. आमच्याकडे हाही विनोदी किस्सा होता. माझी लेक तो ऐकत मोठी झाली.

लेकीनं बारावीनंतर एक दिवस जाहीर केलं की मिलिटरी पोलिसात आता मुलींना शिपाई म्हणून घेतात आणि ती भरतीला उतरणार आहे. आबा आधी म्हणाले, पोरीबाळींचं काय काम तिथं. मग दोन दिवसांनी त्यांनीच तिला पहाटे उठवलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर आमची वरात सारसोळ्याच्या जेट्टीपासून पाम बीच रोडच्या फुटपाथवरून निघायची. लेक पुढं पळतेय, मी मागं स्कूटीवर पाण्याची बाटली घेऊन, आणि आबा वळणावरच्या बाकावर शिट्टी घेऊन. जेट्टीवर जाळं निवडत बसलेली एक मावशी एकदा मला म्हणाली, "पोर पलतंय आन् तू गारीवं बसलीस? बरा हाय." मला लाज वाटली, म्हणून दुसऱ्या दिवशी स्कूटी जरा लांबून चालवली.

ती निवडली गेली. माझ्या नवऱ्यानं, जो आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नाही, सोसायटीत पेढे वाटताना प्रत्येक मजल्यावर मोठ्यानं सांगितलं. माळ्यावरची ट्रंक खाली आली आणि आबांनी तिच्यावर पांढऱ्या रंगानं नातीचं नाव घातलं. निघताना त्यांनी तिला एकच उपदेश केला, की सिक रिपोर्ट करायचा नाही. आजारी म्हणून नाव दिलं की तुम्ही सगळ्यांच्या नजरेतून उतरता. "हसत राहायचं पोरी. उस्ताद रगडा देईल, आपण हसायचं. कसम खाल्ली की झालीस तू पक्की." कसम परेडचा दिवस हा त्यांच्या लेखी तिचा खरा वाढदिवस होता. त्या दिवशी ती शपथ घेणार, आणि शपथ घेतलेल्यांच्या आईबापांच्या छातीवरही एक पदक लावतात म्हणे. आबांनी मला सांगून ठेवलं होतं की साडी जरा जाड काठाची नेस, पदक नीट बसलं पाहिजे.

सेंटर कर्नाटकात. फोन फक्त रविवारी, तोही रांगेतून. रविवारी आमच्याकडे कुकरची शिट्टीसुद्धा मी थांबवायची. स्पीकर चालू, मध्ये फोन, आणि भोवती आम्ही तिघं. ती मजेत बोलायची. पलंग इतका ताठ लावावा लागतो, की तो विस्कटू नये म्हणून सगळ्या मुली रात्री खाली फरशीवर झोपतात. नावानं कुणी हाक मारत नाही, नंबरानं मारतात, त्यामुळं परवा एका मुलीनं तिला खरं नाव विचारलं तर तिला दोन सेकंद आठवलंच नाही. एकीचा बूट घासायचा राहिला तर सगळ्यांनी ट्रंका डोक्यावर घेऊन मैदानाला चक्कर. आबा मांडीवर थाप मारून हसायचे. तेच, अगदी तेच, काही बदललं नाही बघ. आम्हीही हसायचो.

मग एका रविवारी तिनं झाडाचा किस्सा सांगितला. त्यांच्या उस्ताद बाईंनी त्यांना लांबचं झाड दाखवलं, रामराम घालून यायला सांगितलं, झाड काय म्हणालं ते विचारलं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. फौज म्हणजे फौज, म्हणाले, पन्नास वर्षांनी तेच झाड. मी पोळ्या लाटत होते. मलाही आनंद झाला, पण पोळी जळेपर्यंत मी तशीच उभी राहिले. तिनं तो किस्सा आबांच्या शब्दांत सांगितला होता. अगदी बाभळीसकट. आणि तिकडं मैदानाभोवती सगळी निलगिरी आहे, हे तिनंच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी आबांना दुसऱ्या खोलीत जाऊ दिलं आणि फोन जवळ घेऊन विचारलं, पाय कसे आहेत? ती म्हणाली जागेवर आहेत. आणि हसली. ते हसू जरा लवकर आलं, असं मला वाटलं. पण मागं रांग होती, वेळ संपली.

परेडची तारीख तिनं आधीच कळवली होती. जसजशी ती जवळ आली तसतशी ती सांगायला लागली की लांब आहे, आबांना झेपणार नाही, तुम्ही नका येऊ. आबांनी ते हसण्यावारी नेलं. लाजतेय, म्हणाले. आपल्याला अचानक बघून खूश होईल. त्यांनी ब्लेझर इस्त्रीला दिला आणि आपली पदकं पितळेच्या पॉलिशनं घासत दोन दिवस बाल्कनीत बसले. मी जाड काठाची साडी घेतली. आता वाटतं, त्या घरात वाढलेली मुलगी 'येऊ नका' म्हणते म्हणजे 'काहीतरी झालंय' म्हणते, हे जगातल्या कुठल्याही आईला कळलं असतं. मला साडीच्या काठाचं टेन्शन होतं.

सेंटरच्या मैदानावर मांडव घातला होता. एक महिला हवालदार आलेल्यांना बसवत होती. आबांनी टाचा जुळवून नातीचा नंबर सांगितला. ती थांबली. आमच्याकडे, आबांच्या ब्लेझरकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "उसने बताया नहीं आपको? वो अगले बॅच में है।" मग घाईघाईनं म्हणाली की परेड बघा, नंतर तिला भेटायला पाठवते. आम्हाला शेवटच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. दुसऱ्यांच्या मुलींनी हात वर करून शपथ घेतली. दुसऱ्यांच्या आयांच्या छातीवर पदकं लागली. माझ्या शेजारी पंजाबातली एक बाई होती, तिनं मला पदक हातात घेऊन बघायला दिलं. जड होतं. मी छान आहे म्हटलं आणि परत दिलं.

लेक मांडवाच्या मागच्या बाजूनं आली. पीटीचे कपडे, केस अगदी बारीक कापलेले, आणि डावा पाय जमिनीवर टेकवताना ती श्वास धरत होती. वाकून नमस्कार करायला लागली तर माझ्या नवऱ्यानं तिला वरच्या वर धरलं. आबांनी काहीतरी सुरू केलं, कुठल्याशा लंगड्या उस्तादाची गंमत.

"आबा, आज नको," ती म्हणाली.

नडगीचं हाड तडकलं होतं. कधी, ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. महिनाभर ती त्याच पायावर पळत होती, बुटात टाचेखाली मोज्याची घडी घालून. शेवटच्या दौडीत मैदानातच बसली, तेव्हा उस्ताद बाईंनीच तिला उचलून दवाखान्यात नेलं. त्या रागावल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात का नाही सांगितलंस, आम्ही काय राक्षस आहोत का, असं विचारत होत्या.

"मग का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्हाला?" ती म्हणाली. "आपल्याकडे कोण सांगतं असलं? मी सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस मम्मी, ऑफिसात आवाज काढून दाखवला असतास?"

मग ती आबांकडे वळली. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं. हाड जुळलं तर पुढच्या बॅचबरोबर ती शपथ घेईल. नाही जुळलं तर घरी यावं लागेल. "आले तर मला काय नाव ठेवाल?"

आबांनी ब्लेझरची बटणं लावली. म्हणाले, हाड जुळतंय. तरुण हाड आहे, जुळायला काय झालं.

नाही जुळलं. म्हणजे जुळलं, पण ट्रेनिंगच्या लायकीचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी ठरवलं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी तिला सोडलं. ती रिक्षातून उतरली तेव्हा आमचे सेक्रेटरी काका गेटवरच होते. काय, सुट्टीवर का, त्यांनी विचारलं. आबा ट्रंकेची एक कडी धरून उभे होते, ते पटकन म्हणाले, होय होय, सुट्टी. लेक रिक्षावाल्याला पैसे देत राहिली. मग आबा सगळ्यांनाच सुट्टी सांगायला लागले. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, गावाकडच्या फोनवर. सुट्टी लांबत गेली. गावाकडून कुणीतरी विचारलं, एवढी कशी काय सुट्टी, तर आबा म्हणाले, पोरीच्या हुशारीवर साहेब खूश आहेत.

शेवटी गणपतीच्या वर्गणीला सेक्रेटरी काका दारात आले आणि पुन्हा तेच विचारलं. लेक आतून बाहेर आली. "सुट्टी नाही काका. पाय मोडला म्हणून मला काढलं." काका बिचारे पावती पुस्तकात बघत राहिले. आबा खोलीत गेले आणि दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. जेवायला बसायचे, भाजीचं भांडं तिच्याकडून न मागता माझ्याकडून मागायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी विषय काढला. बहुधा तह करायला. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, सांग बघू, तुझे उस्ताद कसे होते. जुन्या सुरात म्हणाले, पुढं हसायचं असतं त्या सुरात.

लेकीनं सांगायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सगळ्या मुली संडासात जाऊन रडायच्या, कारण दार बंद होणारी तेवढीच जागा होती. पाळीच्या दिवसांतही पळायचं, आणि डाग पडला तर शेजारची मुलगी मागं मागं चालायची. पाय इतका दुखायचा की सकाळची शिट्टी ऐकली की तिला उलटी यायची. आणि तरी तिला ते आवडत होतं. पहिल्या गोळीबारात तिचा नेम सगळ्यांत चांगला लागला होता. परत बोलावलं तर ती आत्ता जाईल.

आबा मध्येच उठले. गोळीची वेळ झाली, म्हणाले. त्यांची गोळी सकाळची असते. खोलीचं दार त्यांनी आवाज न करता लावून घेतलं.

लेक थांबली होती. मी गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि आबांच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"पुढं?" मी म्हटलं.