रुचिराचं पाठांतर

घाटकोपर मागे पडलं तरी रुचिरा दोन पावलं मागेच रेंगाळत होती. दर संकष्टीला आम्ही दोघी विक्रोळीहून चेंबूरच्या गणपतीला चालत जातो. शेजारच्या वनमालाची ही मुलगी, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला.

“काय गं, उपास लागला का?”

“काकू, वाट लागलीय. बायोलॉजीच्या लेखीत नापास झाले. सोमवारी प्रॅक्टिकल आहे. त्यातही गेले तर बाबा कॉलेज बंद करणार.”

मला खरं वाटेना. पहाटे अंघोळ करून अथर्वशीर्ष म्हणावं तसं ती अख्खं पुस्तक मोठ्याने पाठ करते. भिंतीपलीकडून ऐकून मला कौतुकच वाटायचं. दहावी, बारावी त्यावरच तर निघाली.

“मग अडलं कुठे?”

“लेखीत सगळे प्रश्न फिरवून विचारले होते. आणि काल प्रॅक्टिकलच्या सरावाला कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली ठेवला. काळ्या कडेचा गोल दिसला, तो मी पेशी म्हणून काढला. सर म्हणाले, ‘अगं, हा हवेचा बुडबुडा आहे. पेशी म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग.’ मी पाठ केलेलं म्हणायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं, तर पुढचं आठवेना. मग परत पहिल्यापासून सुरू केलं. सगळे हसले ना!”

“गणपतीला सांगू या,” मी म्हटलं आणि तिचा हात धरला.

“त्याला सांगाच. पण काकू, तुम्ही एक कराल? सोमवारपर्यंत रोज संध्याकाळी मी तुम्हाला शिकवते, मराठीत. कळलं नाही तर कळलं असं म्हणू नका. मला अडवा.”