नळी किती कापायची

पोलिसांच्या शस्त्रागारात रायफली बांधणारे आणि दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. सगळं खातं त्यांना सुतभर म्हणायचं. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटीसुलटी करून, एक डोळा मिटून, "सुतभर कमी आहे" म्हणायची त्यांना खोड होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. दाराची कडी सुतभर कमी, चष्म्याची दांडी सुतभर कमी, आणि जावई तर चांगला दोन सूत कमी. कमी नव्हती ती फक्त मुलगी. तिच्याबद्दल बोलायला लागले की माणूस थांबायचं नाव घेत नसे, आणि ऐकणाऱ्याला चहा गार झाल्याचंही सांगता येत नसे.

मुलगी पोलिसांच्या पथकात नेमबाज होती. तिची रायफल बापानेच बांधलेली. इतकी वर्षं बापाच्या हातची हत्यारं दुसऱ्यांची पोरं घेऊन जात होती, तोवर सुतभर रात्री घोरायचे. मुलगी पथकात गेली आणि त्यांची झोपच उडाली. ती कामावर असली की ते शस्त्रागारात पुसलेलंच हत्यार पुन्हा पुसत बसायचे. कुणी काही विचारलं तर खेकसायचे.

आता त्या रायफलीची नळी झिजली होती. नवी नळी आली होती, जुनीसारखीच सव्वीस इंचांची. ती तशीच ठेवायची की कापून आखूड करायची, एवढाच प्रश्न. पथकाचे साहेब म्हणाले, "वापरणार ती आणि बांधणार तुम्ही. दोघं मिळून ठरवा, उद्या सांगा मला." सुतभरांनी मान डोलावली, पण त्यांचं ठरलेलंच होतं. नळीला करवत लावायची नाही. लांब नळीत गोळीला वेग जास्त मिळतो, ती लांबवर जाते. विचारणाऱ्याला ते एवढंच सांगत. पोटातलं कारण वेगळं होतं. गोळी जेवढी लांब जाईल तेवढी आपली पोर धोक्यापासून लांब राहील, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या दिवशी सुट्टी होती म्हणून मुलगी आईबापांकडे जेवायला आली. भुवईवर पट्टी होती.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"दार लागलं."

जेवणं झाली. सुतभरांनी नव्या नळीचा विषय काढला. नवं खेळणं दाखवावं तसं ते बोलत होते. पूर्ण सव्वीस इंच, अजिबात कापत नाही, बघच तू.

मुलगी ताटातल्या भाताच्या शितांशी खेळत राहिली. मग म्हणाली, "बाबा, या खेपेला अठरा ठेवा."

"अठरा? मी रायफल बांधतोय की फुंकणी?"

"आम्ही मैदानात नसतो हो. कुणाच्या तरी झोपायच्या खोलीत नाहीतर स्वयंपाकघरात असतो. माणूस रस्त्यापलीकडच्या खिडकीत. एवढ्या अंतराला अठरा इंच पुरून उरतात. नेमही कमी होत नाही."

"नेमाचं मला शिकवू नकोस!"

"नाही शिकवत. पण जिन्यात वळताना तुमची ती नळी दर वेळी भिंतीला आपटते. आणि खोलीत..." ती थांबली. तिने भुवईला हात लावला. "बाबा, हे दार लागून झालेलं नाही."

मग तिने सगळं सांगितलं. खोली अरुंद होती. भिंतीला पाठ टेकेपर्यंत ती मागे सरकली, तरी नळीचं टोक पडद्यापाशी उजेडात आलं. पलीकडच्या माणसाने ते पाहिलं. त्याने झाडलेली गोळी खिडकीच्या चौकटीला लागली आणि काच उडाली.

सुतभर पेल्यातलं पाणी प्यायले. पेला रिकामा झाला तरी तो ओठांनाच लावून बसले. मग म्हणाले, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढ्या मायेने बांधलेली. कसं बोलू?"

"काहीतरीच सांगतेस. खोलीत बसलेलं माणूस रस्त्यावरून कशाला दिसतंय?" ते म्हणाले खरं, पण आवाजात जोर नव्हता.

आईने तोवर ताटं उचलली होती. ती ओल्या हातानेच बाहेर आली. "तोंडं कसली चालवताय? करून बघा की. टेबल ढकला मागे. तुम्ही जा खाली."

फरशी पुसायच्या काठीचा फडका तेवढा सोडवला. काठी रायफलीएवढी लांब होतीच. जेवणाचं टेबल मागच्या भिंतीला भिडवलं, मुलगी त्यावर पालथी झोपली आणि तिने काठी खांद्याला लावली. आईने पातळ पडदा अर्धा ओढला. सुतभर जिना उतरून रस्त्यापलीकडे गेले आणि वर बघू लागले.

काठीचं टोक चक्क दिसत होतं. एकदा टोक सापडलं की त्यामागे काय आहे ते शोधायला वेळ लागत नव्हता. तिथे कपाळ होतं, आणि कपाळावर पांढरी पट्टी. आपण हिला लांब ठेवायला गेलो आणि दुसऱ्याच्या समोर नेऊन बसवली, हे सुतभरांना त्या फुटपाथवर उभ्या उभ्या कळलं. ते तसेच वर आले. कोनाड्यातली करवत काढली, काठी गुडघ्याखाली दाबली आणि आठ इंच कापले.

"अहो, माझी नवी काठी!" आई ओरडली.

"दुसरी आणतो. तीन आणतो."

मुलीने आखूड काठी खांद्याला लावली. पट्टीखालून तिने बापाकडे पाहिलं आणि हसली. लहानपणी ते सायकलवर बसवून मागून हात सोडायचे तेव्हा हसायची, तशीच. सुतभरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, केस विस्कटले आणि पुन्हा जिना उतरले.

या वेळी खिडकीत पडदा होता आणि पडद्यामागे काळोख. त्यांनी चष्मा पुसला. दोन पावलं डावीकडे सरकले, मग उजवीकडे. टाचा उंचावल्या. टोक नाही, कपाळ नाही, पट्टी नाही. खालच्या दुकानातला माणूस बराच वेळ त्यांची ही कसरत पाहत होता. शेवटी तो बाहेर आला.

"काय शोधताय काका?"

"मुलगी."

"हरवली की काय?"

"नाही हो. वर घरातच आहे, त्या खिडकीत." सुतभरांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू पसरलं होतं. "पण मला दिसत नाही."

दुकानदाराने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "मलाही नाही दिसत."

सुतभरांनी त्याचा दंड घट्ट धरला. "नाही ना? नीट बघा. माझ्यासाठी अजून एकदा नीट बघा."